अनुशासनपर्व : वादाची जागा कोणती?

पवनारच्या आश्रमात विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ रोजी वर्षभराचे मौन धरले. सहा महिन्यांनी आणीबाणी आली. त्या मौनातून लेखी बाहेर पडलेल्या 'अनुशासनपर्व' या शब्दाची सरकारने घोषणा करून टाकली. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला : शासन सत्तेचे, अनुशासन आचार्यांचे. तेव्हापासून आमची अभ्यासक मंडळी या शब्दाचा अर्थ लावीत बसली आहेत. हा वाद चुकीच्या जागी मांडला गेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ग्रीक वक्तृत्वशास्त्रात हर्मागोरसने वादाच्या चार जागा सांगितल्या : गोष्ट घडली का, तिला काय म्हणावे, ती योग्य की अयोग्य, आणि निवाड्याचा अधिकार कोणाचा. विनोबांचे समर्थक आणि टीकाकार दोघेही दुसऱ्या जागेवर मुक्काम ठोकून आहेत. व्युत्पत्तीच्या सावलीत कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. खरा प्रश्न तिसऱ्या जागेवरचा आहे. माणसे खटल्यावाचून तुरुंगात असताना खुलासा व्रताच्या मुदतीपर्यंत लांबणे योग्य होते का?

व्रताचा मान राखलाच पाहिजे, असे कोणी म्हणेल. जानेवारी १९७६ मध्ये पवनारलाच आचार्यांचे संमेलन भरले, याचीही आठवण देईल. दोन्ही मान्य. परंतु मौनात एक शब्द लिहिता येतो, तर त्याचा अर्थ सांगणारे वाक्यही लिहिता येते. न्यायसूत्रांतील २२ निग्रहस्थानांत 'पर्यनुयोज्योपेक्षण' हे एक आहे : प्रतिपक्ष दोषात सापडला असता त्याला न अडवणे, हाही पराभवच.

शब्द तर महाभारतातला. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून हात टेकले. त्यांचे अनुशासन आले ते युद्ध संपल्यावर, शरशय्येवरून. ज्ञान तेच होते, वेळ टळली होती.

त्याच डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांना तुरुंगवास घडला. त्यांच्या आवाहनाचा अर्थ कोणालाही कोशात शोधावा लागला नाही. तो त्या घटकेनेच ठरवला होता.

आमच्या वर्गांत अलंकारांची नावे पाठ करून घेतली जातात. वाद नेमका कशावर आहे आणि तो केव्हा मांडावा, हे मात्र शिकवले जात नाही. म्हणूनच पन्नास वर्षे उलटली तरी आम्ही एका शब्दाची फोड करीत आहोत, आणि प्रश्न जिथल्या तिथे उभा आहे.