नुसत्या रनावरून पोरगं जोखू नका

सिलेक्शनला प्रश्न एकच : किती रन, किती विकेट?

आपल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आठवा. २०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याच्या विकेट मोजक्याच. पण वेग आणि षटकार बघून चेन्नईनं दीड कोटी मोजले. नुसता तक्ता बघितला असता तर?

आता उलटं बघा. १९८८ ला आझाद मैदानावर एकाच शालेय डावात कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. पुढं कसोट्या? कांबळी १७, सचिन २००.

शाळेतला आकडा खोटा नसतो, अर्धा असतो. समोर बॉलर कोण, पिच कसं, हे तो सांगत नाही.

खेड्यातल्या पोराला वर्षात मॅच मिळतात चार. तेवढ्यावर त्याला बाद ठरवू नका. साहेब, नेटमध्ये तासभर खेळवून तर बघा!