हौसेचेही अंदाजपत्रक हवे

झाशीच्या दतिया दरवाजातून निघणारी वाट दतियाकडे जाते आणि ओरछा दरवाजातून निघणारी ओरछ्याकडे. जुन्या नगररचनाकारांनी वेशींना मुक्कामाची नावे दिली. घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी कोठे पोहोचायचे हे ठाऊक असावे, हे शहाणपण त्या नावांतच साठवलेले आहे.

या शहराशी मराठी माणसाचे नाते अठराव्या शतकातील नारो शंकरांपासूनचे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत फिरले, झाशीत राहिले आणि तो वृत्तान्त ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कोकणातून झाशीकडे झालेल्या त्या प्रवासाची दिशा आता उलटली आहे. बेतवा आणि पहूज या नद्यांच्या काठी वाढलेल्या मंडळींना समुद्राची ओढ वाटते. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणाऱ्या पर्यटन-जहाजांनी ती ओढ आवाक्यात आणली आहे. त्यातच एखाद्या हौशी गृहस्थास वाटते की, जहाज बंदरात थांबेल तेव्हा छोटी बोट भाड्याने घ्यावी, खोल पाण्यात गळ टाकावा आणि सुरमई किंवा गोब्रा ओढून काढावा.

ही हौस मुळीच वावगी नाही. वावगी आहे ती तिच्या नियोजनाची पद्धत. वर्षभर आवर्त ठेवीत पैसे साठवून सहल आखणारे कुटुंब बोटीचा विषय मात्र ‘धक्क्यावर पाहू’ म्हणून सोडून देते. ऐनवेळी घासाघीस करून बोट स्वस्त मिळते, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु घासाघीस करण्याचे बळ ज्याच्याजवळ वेळ असतो त्याच्याकडे असते, आणि जहाजाच्या प्रवाशाजवळ नेमका वेळच नसतो.

साधा हिशेब मांडून पाहावा. जहाज सकाळी ८ वाजता धक्क्याला लागून सायंकाळी ५ वाजता सुटणार आहे, असे समजू. उतरण्याचे सोपस्कार आणि जेटीपर्यंतचा प्रवास यांत साडेनऊ वाजतात. परतीची वेळ सुटण्याच्या तासभर आधीची, म्हणजे ४ ची धरावी. इंजिनचा बिघाड, उलटा वारा, रस्त्यावरची वाहतूक यांसाठी दोन तास राखून ठेवले, तर २ वाजता जेटीवर परत यावे लागते. हाती उरतात साडेचार तास, आणि त्यांतही मासे सापडणाऱ्या जागेपर्यंत जाणे-येणे आले. गोव्यात जहाजे मुरगाव बंदराला लागतात. तेथून पणजी सडकेने सुमारे ३० किलोमीटर आहे. बोट पणजीहून ठरवली, तर हा हिशेब आणखी आकसतो. जहाजाने स्वतः आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. खासगी बोटीसाठी ते थांबत नाही. मागे राहिलेल्याला पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.

म्हणून उत्तम मार्ग हा की, मासेमारी बंदरातल्या थांब्यात कोंबूच नये. मुंबई ते गोवा असा एकेरी जलप्रवास करून गोव्यात एक दिवस अधिक मुक्काम करावा आणि तो दिवस समुद्राला द्यावा. मुरगावलगतच्या वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस झाशीवरूनच दिल्लीकडे जाते. परतीची चिंता नाही. एका दिवसाच्या निवासाचा खर्च वाढतो खरा, पण हुकलेल्या जहाजापेक्षा तो निश्चितच स्वस्त.

बोट ठरवतानाही व्यवहार चोख असावा. नोंदणी, जीवरक्षक जाकिटे आणि बिनतारी संपर्कयंत्र यांची चौकशी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी करावी. रक्कम बँकेमार्फत द्यावी, पावती घ्यावी आणि हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास किती परतावा मिळेल हे लेखी घ्यावे. प्रवासविम्यात साहसी उपक्रम वगळलेले असू शकतात. ते कलम वाचल्याविना सही करू नये.

समुद्राचेही काही नियम आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ. माशांच्या प्रजननाचा आणि खवळलेल्या पाण्याचा हा काळ असल्याने कोळी बांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. ज्यांची चूल मासळीवर पेटते ते दोन महिने थांबतात, तर केवळ हौसेखातर आलेल्याने आडवाट शोधणे शोभत नाही. देवमुशी म्हणजे बहिरी या महाकाय माशाला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. समुद्री कासवेही संरक्षित आहेत. बहुतेक जहाजांवर कच्ची मासळी आणू देत नाहीत. तेव्हा गळाला लागलेला मासा हळुवारपणे पाण्यात सोडावा किंवा नावाड्याच्या घरी जाऊ द्यावा; आनंद त्याने उणावत नाही.

काटकसर म्हणजे हौस मारणे नव्हे. हौसेला तिचा वेळ, तिचा पैसा आणि तिची मर्यादा आधीच नेमून देणे, ही खरी काटकसर. असे नियोजन करून निघालेल्याचा गळ रिकामा आला, तरी त्याची सहल रिकामी जात नाही.