आधी तो टायमर बंद कर

डोळ्यांवर पट्टी बांधून एक जण १९११ पिस्तूल खोलतो, परत जोडतो आणि रीलच्या कोपऱ्यात सेकंद पळत असतात. खाली आगीच्या इमोजींचा पाऊस. मला चीड येते. हेवा म्हणून नव्हे. हेच काम टेक्ससमधल्या एका रेंजवर दोन शनिवार घालवून मी शिकले, म्हणून.

पहिल्या शनिवारी मी मॅगझिन काढलं आणि थेट पुढच्या स्प्रिंगला हात घातला. प्रशिक्षकाने मला थांबवलं, पिस्तूल घेऊन स्लाइड मागे ओढली. आतून एक काडतूस टेबलावर पडलं. नकली, त्यानेच मुद्दाम ठेवलेलं. पण मला ते कुठे ठाऊक होतं?

मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं, हे सिनेमाचं शिक्षण. साफ खोटं. चेंबरमधलं काडतूस तिथेच राहतं, आणि जॉन ब्राउनिंगचं हे पिस्तूल मॅगझिन नसतानाही ते झाडतं. म्हणून नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, मग करंगळीने चाचपायचं. खरं शिकायचं ते एवढंच. पट्टी बांधलेला काय बघणार, कपाळ?

‘सैनिक अंधारातही करतात,’ असं कमेंटमध्ये हमखास येतं. १९११ ते १९८५ हे अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं, मान्य. पण सैनिकाला अंधार टाळता येत नाही. तुम्ही स्वतःच्या खोलीतला दिवा घालवताय.

बरं, घाईत यंत्र तरी कळतं का? बॅरलखाली एक इवलीशी कडी असते. गोळी सुटली की बॅरल आणि स्लाइड थोडं अंतर बरोबर मागे जातात, मग ही कडी बॅरलचं मागचं टोक खाली खेचते, स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकते. जोडताना स्लाइड स्टॉपची खीळ त्याच कडीच्या भोकातून जावी लागते. मी घाई केली आणि फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा उठला. तिकडे त्याला ‘इडियट स्क्रॅच’ म्हणतात. पिस्तूल रेंजचं, त्यामुळे लाज दुप्पट. कडी नीट समजायला मला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाचं रील कोणी बनवत नाही.

दुसऱ्या शनिवारी शेजारच्या टेबलावरच्या मुलाने फोन उभा करून टायमर लावला. प्रशिक्षकाने फोन उचलून पालथा ठेवला. म्हणाला, ‘आधी चेंबर दाखव.’