स्वस्त कोणासाठी?

डिसेंबर 2025 मध्ये रास्पबेरी पाय कंपनीने पाय 5 चे 1 जीबी मेमरीचे मॉडेल 45 डॉलरला बाजारात आणले. एटीएम कार्डाएवढा एक बोर्ड; त्याला पडदा आणि कीबोर्ड जोडला की झाला संगणक. त्याच दिवशी मोठ्या मेमरीच्या मॉडेलांचे भाव मात्र वाढले. 4 जीबीचे 60 डॉलरवरून 70 आणि 8 जीबीचे 80 वरून 95. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या, त्या महागल्या आणि भुर्दंड पोरांच्या खेळण्यावर पडला.

यावर हौशी मंडळींची मते ठरलेली. एक म्हणतो, आजच्या काळात 1 जीबीत काय होते? ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की गाडी अडते. दुसरा म्हणतो, त्यापेक्षा जुना मिनी पीसी घ्या. तिसरा वेगाचे तक्ते मांडून सांगतो की या पैशांत यापेक्षा चांगला प्रोसेसर नाही. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण तिघांच्या घरी मॉनिटर आधीच आहे, ड्रॉवरमध्ये तीन केबली पडून आहेत आणि बोर्ड जळला तर महिन्याचा हिशेब कोलमडत नाही. म्हणून माझा आक्षेप त्यांच्या उत्तरांवर नाही, त्यांच्या मोजपट्टीवर आहे.

मी चिंचपोकळीत राहतो. इथल्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या, डिप्लोमाला शिकणाऱ्या मुलासाठी हा हिशेब मांडून पाहा. डॉलर 90 रुपयांच्या आसपास धरला तर बोर्ड चार हजारांचा. त्यावर 18 टक्के जीएसटी. पाय 5 ला पूर्ण ताकदीने चालवायचे तर 5 अँपिअरचा चार्जर लागतो. कंपनीचा घेतला तर 12 डॉलर. पडद्याची जागा मायक्रो एचडीएमआयची, म्हणजे वेगळी केबल, आणखी 5 डॉलर. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत बोर्ड तापतो आणि तापला की आपला वेग आपणच उतरवतो. त्यासाठी पंख्याचा कूलर, आणखी 5. झाले 22 डॉलर, म्हणजे बोर्डाच्या जवळजवळ निम्मे. मेमरी कार्ड, कीबोर्ड आणि पडदा यांचा हिशेब अजून केलेलाच नाही.

आता 2012 सालचा पहिला पाय आठवा. 35 डॉलर किंमत, मेमरी अवघी 256 एमबी. आजचा हौशी माणूस त्याला हसेल. पण त्याला पिवळ्या पिनेची जुनी टीव्ही केबल लागत होती, मोबाइलच्या मायक्रो यूएसबी चार्जरवर तो चालत होता आणि कॅमेऱ्यातले एसडी कार्ड त्यात बसत होते. घरात जे आहे त्यावर चालणारी वस्तू होती ती. तिचा स्वस्तपणा त्यात होता. पाय 5 मध्ये साधे हेडफोनचे भोकही उरले नाही.

एबेन अप्टन आणि केंब्रिजमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी हा बोर्ड काढला तो कशासाठी? संगणकशास्त्राला प्रवेश मागणारी मुले कमी होत होती आणि जी येत होती त्यांनी यंत्राला हात लावलेला नसायचा. घरातला एकुलता संगणक बिघडेल म्हणून आईबाप त्याला हात लावू देत नाहीत, हे तिकडचे दुखणे. आपल्याकडे तर ते दसपट. मग मुलाला असे यंत्र हवे जे बिघडले तरी घरात रडारड होणार नाही. बोर्डावरच्या 40 पिनांपैकी सिग्नलच्या पिना 3.3 व्होल्टच्या, चुकून 5 व्होल्ट दिले की पिन गेली, कधी बोर्डच गेला. शिकणाऱ्याकडून हे होणारच. म्हणून मी विचारतो ते एवढेच: हा बोर्ड जळला तर तो मुलगा दुसरा आणू शकेल का?

मिनी पीसीवाल्यांना उत्तरही यातच आहे. मिनी पीसी वेगवान असेल, पण त्याला त्या पिना नाहीत. गच्चीवरची टाकी भरली की घंटा वाजवायची एवढेच काम असेल तर काहीशे रुपयांचा ईएसपी 32 पुरे, हे मलाही कळते. पण ज्या यंत्रावर प्रोग्राम लिहायचा त्याच यंत्राच्या पिनेला दिवा लावून पाहायचा, हे शिक्षण वेगळे.

स्वस्ताईचा फसवा हिशेब आपण एकदा पाहिलेला आहे. 2011 मध्ये सरकारने आकाश टॅबलेट आणला. पुढच्या वर्षीच्या आकाश 2 चे काम पवईच्या आयआयटीकडे होते. किंमत सव्वादोन हजारांच्या घरात, विद्यार्थ्याला त्याहून निम्म्यात. जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून टाळ्या झाल्या. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली. आकडा स्वस्त होता, हे मान्य. पण खोलून पाहावे, तार जोडावी, असे त्यात काही नव्हते.

या भागाला यंत्राची ओळख करून द्यायला नको. मदनपुऱ्याचा मोमीन आणि लालबागचा मालवणी एकाच साचेखात्यात उभे असत. साच्याचा आवाज बदलला की काय बिघडले ते सांगणारी माणसे या चाळींत राहिली. ते ज्ञान काचेच्या कपाटातून आले नव्हते. आज मात्र मी एका शाळेत पाहिले: किट कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली अशा सरांकडे ज्यांची बदली झाली. त्या किटची किंमत कितीही कमी असो, मुलांसाठी ते महागच.

हौशी मित्रांनो, मुलाने सल्ला मागितला तर नव्याचा हट्ट सोडा. 2018 चा पाय 3 बी प्लस 35 डॉलरचा आहे. मेमरी तीच 1 जीबी. पूर्ण आकाराची एचडीएमआय, चार यूएसबी, अडीच अँपिअरचा चार्जर, शिवाय जुन्या टीव्हीलाही जोडता येतो. वेगात तो पाय 5 च्या पासंगालाही पुरत नाही, पण पायथन शिकायला पुरतो. किंवा 15 डॉलरचा झीरो 2 डब्ल्यू घ्या. एका पाय 5 च्या पैशात तीन येतात. दोन जळाले तरी एक उरतो.

आणि ज्यांच्याकडे वर्गणी जमते त्यांना सांगतो. मंडळांच्या अभ्यासिका, मोहल्ल्यातली वाचनालये आणि जमातीचे हॉल इथे आहेतच. तिथे एक जुना टीव्ही आणि चार बोर्ड टेबलावर उघडे ठेवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि पायथनचे धडे मराठीतही आहेत, ते लावून द्या. भायखळ्याच्या साबू सिद्दीकची आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयची मुले रविवारी शिकवायला बोलवा. खर्चाच्या वहीत "जळालेले बोर्ड" असा एक रकाना आधीच आखा. तो वर्षभर कोरा राहिला, तर समजा की मुलांनी काही केलेच नाही.