‘च’ आणि ‘ही’

गेल्या वैशाखांत आमचे चिरंजीव सहकुटुंब जर्मनीहून महिनाभरासाठीं श्रीगोंद्यास आले होते. नऊ वर्षांची नात आजोबांचें घर प्रथमच पाहत होती. तिला जर्मन येते, थोडी इंग्रजी येते. मराठी येत नाहीं. आमच्या सौ.ना मराठीवांचून दुसरी भाषा नाहीं. पहिले तीन दिवस दोघी एकमेकींकडे पाहून नुसत्या हसत. चौथ्या रात्रीं सौ. म्हणाल्या, “अहो, नात मांडीवर येऊन बसते, पण तिला भूक लागली कीं काय, हेंही मला सूनबाईला विचारावें लागतें.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दोष आमचाच होता. मुलीच्या जन्मानंतर “तिच्याशीं तिकडचीच भाषा बोला, नाहीं तर पोर गोंधळेल,” असें पत्र आम्हींच धाडलें होतें. उभा जन्म शाळेंत भाषा शिकविण्यांत घालविलेल्या माणसाचा हा सल्ला!

भाषेची भिंत हें दुःख एका घरापुरतें नाहीं. डॉ. लुडविक झामेनहोफ या नेत्रवैद्यानें त्यापायीं आपलें आयुष्य वेंचलें. त्यांचा जन्म १८५९ सालीं बियालिस्तोक या गांवीं झाला. तें गांव आज पोलंडांत आहे. तेव्हां तें रशियन साम्राज्यांत होतें. रशियन, पोलिश, जर्मन व यिद्दिश बोलणारे लोक तेथें शेजारीं राहून परस्परांचा द्वेष करीत. तो पाहून त्यांनीं सर्वांस सारखीच परकी, म्हणून सर्वांस सारखीच आपली, अशी एक भाषा रचिली. १८८७ सालीं वॉर्सा येथें तिचें पहिलें पुस्तक निघालें. त्यावर ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे ‘आशा करणारा’, हें टोपणनांव होतें. तेंच पुढें भाषेचें नांव झालें. १९०५ सालीं फ्रान्समधील बुलोन येथें तिचें पहिलें जागतिक संमेलन भरलें.

ज्यांनीं लहानपणीं शब्दरूपावली घोकिली आहे, त्यांस हिचें व्याकरण पाहून नवल वाटेल. नियम मोजके सोळा, आणि त्यांस अपवाद नाहींत. नामाच्या अंतीं ‘ओ’, विशेषणाच्या अंतीं ‘आ’. क्रियापदास वर्तमानीं ‘आस’, भूतकाळीं ‘इस’, भविष्यकाळीं ‘ओस’. पुरुष व वचन बदललें तरी रूप तेंच राहतें. ‘पात्रो’ म्हणजे पिता. मध्यें ‘इन’ हा प्रत्यय घातला कीं ‘पात्रिनो’, म्हणजे माता. ‘बोना’ म्हणजे चांगला, ‘मालबोना’ म्हणजे वाईट. थोडे धातु आणि प्रत्यय हातीं आले कीं शेंकडों शब्द आपले आपण घडवितां येतात. संस्कृत शिकलेल्यास ही युक्ति ओळखीची वाटेल.

तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. हिचे धातु बहुतेक युरोपांतील भाषांतून घेतलेले आहेत. त्यामुळें इटलीच्या मुलास ती जितकी सोपी, तितकी आमच्या मुलास नाहीं. पण इंग्रजीचे वर्णलेखन पाठ करतांना मुलांच्या डोळ्यांस येणारें पाणी ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हा भार हलकाच वाटेल.

महाराष्ट्रास ही भाषा अगदींच अपरिचित नाहीं. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, गागोद्याचे विनोबा भावे यांनीं साठी ओलांडल्यावर पदयात्रेंत असतांना एस्पेरांतो शिकून घेतली. भारतांतील भाषांविषयीं त्यांचें एक मार्मिक सांगणें होतें. सर्व भाषा नागरी लिपींत लिहिल्या जाव्यात असें ते म्हणत. परंतु ‘नागरीच’ नव्हे, ‘नागरीही’. प्रत्येकाची आपली लिपि राहावी, आणि जोडीला नागरी असावी. एका अव्ययांत केवढें अंतर! ‘च’ दार लावतो, ‘ही’ दार उघडतें. झामेनहोफांचाही हेतु हाच होता कीं घरीं मातृभाषा असावी, आणि परक्याशीं बोलण्यास ही दुसरी असावी. साने गुरुजींच्या ‘आंतरभारती’ची हांकही निराळी नव्हती, एका प्रांतानें दुसऱ्याची भाषा प्रेमानें शिकावी, एवढीच ती होती.

आमच्या गांवास तर याचा धडा जवळच मिळतो. सतराव्या शतकांतील शेख महंमद यांचें स्थान येथें आहे. जन्मानें मुसलमान असलेल्या या सत्पुरुषानें ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओंव्यांत रचिला. त्यासाठीं त्यांस आपलें नांव टाकावें लागलें नाहीं.

मग आम्हीं पत्रांतला ‘च’ खोडला. रोज सकाळीं आजीनें पांच मराठी शब्द द्यावे आणि नातीनें पांच जर्मन, असा नेम घरांत ठरला. दोघींनीं सारखेंच चुकावें, सारखेंच हसावें. पोर तिळभरही गोंधळली नाहीं. निघण्याच्या दिवशीं उंबऱ्यांत नमस्कार करून ती म्हणाली, “आजी, येतें हं.” ‘जातें’ म्हणूं नये, हेंही तिला आजीनें शिकविलें होतें! सौ. डोळे पुसून म्हणाल्या, “च्यूस, बाळ.”

परदेशीं नातवंडें असलेल्या वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, आमच्यासारखें पत्र कोणीं धाडलें असल्यास दुसरें आजच धाडावें. आणि ज्या शिक्षकांस उसंत असेल, त्यांनीं सुटींत चार मुलें जमवून एस्पेरांतोचे सोळा नियम त्यांच्यापुढें मांडून पाहावेत. व्याकरण म्हणजे शिक्षा नव्हे, हें मुलांस कळलें तरी श्रम फुकट जाणार नाहींत. आम्ही स्वतः पहिल्या धड्यावर आहों.