दुसऱ्याचे स्पीकर, आपली खोली

आंबा आपण हुंगून घेतो, मडके टिचकी मारून घेतो, आणि तानपुरा तर छेडून पाहिल्याशिवाय कोणी घरी आणत नाही. स्पीकर मात्र आपण वाचून घेतो. खोक्यावर किती वॅट लिहिले आहेत, कोणी किती तारे दिले आहेत, नाव कोणत्या कंपनीचे आहे, एवढ्यावर निर्णय होतो. जिचे सारे प्रयोजन ऐकणे हेच आहे अशी वस्तू न ऐकता घेतली जावी, यात काही विचित्र आहे असेही आता फारसे कोणास वाटत नाही. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: चांगले स्टीरिओ स्पीकर हवे असतील तर ते वापरलेले, आपल्याच शहरातले पाहावेत, आणि दोन-तीन दिवस स्वतःच्या घरी ऐकूनच व्यवहार पुरा करावा. या सल्ल्यात काटकसर आहेच. पण मुख्य प्रश्न अभिरुचीचा आहे.

स्पीकर हे अर्धे वाद्य आहे. उरलेले अर्धे म्हणजे खोली. आपल्या ओळखीची दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरी मागेपुढे आदळतात आणि ठरावीक स्वर फुगतात. बारा फुटांच्या बाजूने असा पहिला स्वर सुमारे ४७ हर्ट्झला येतो, दहा फुटांच्या बाजूने सुमारे ५६ हर्ट्झला. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की हा फुगवटा वाढतो आणि डग्ग्याचा नेमका घुमारा जाऊन नुसती घरघर उरते. शिवाय आपल्या भिंती विटांच्या वा काँक्रीटच्या, खाली गुळगुळीत फरशी. अमेरिकेतील पुष्कळ घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात आणि जमिनीवर गालिचा असतो; तेथे खर्जाचा काही भाग भिंती गिळतात आणि टिपेचा काही भाग गालिचा. त्या खोलीत बसून लिहिलेले परीक्षण कितीही प्रामाणिक असले तरी ते त्या खोलीचे असते. तेथे प्रसन्न वाटणारा ट्वीटर आपल्या फरशीवर कानाला टोचू शकतो.

दुकानात ऐकावे, तर तेथेही अडचण आहेच. दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, हा कानाचा जुना दुबळेपणा आहे. डोळ्यांचा अडथळा तर त्याहून मोठा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रयोगात, स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना तेच श्रोते निरनिराळे मत देत असल्याचे दिसून आले. घरी यावर साधा उपाय करता येतो. आवाज सारखा ठेवून घरातल्या कोणाला तरी, न सांगता, जुन्या आणि नव्या स्पीकरांची अदलाबदल करायला लावावी व आपण डोळे मिटून बसावे. एका वेळी एकच स्पीकर वाजवून ऐकल्यास दोष अधिक लवकर कळतात, हेही टूल यांनी दाखवून दिलेले आहे.

काय ऐकावे? माझ्या मते तानपुरा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषगायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. लहान स्पीकरातून हा मूळ स्वर क्षीणच येतो. परंतु वरच्या स्वरांशांवरून कान तो मनाने भरून घेतो. म्हणून पहिल्या दिवशी उणीव जाणवत नाही. जवारी मात्र लपत नाही. तारेची आस गोल, अखंड ऐकू येते की तिला पत्र्याची किनार आहे, हे अर्ध्या तासात कळते. पहिल्या पाच मिनिटांत थक्क करणारा स्पीकर पुष्कळदा तिसऱ्या संध्याकाळी नकोसा होतो, आणि ही तिसरी संध्याकाळ कोणतेही दुकान देत नाही.

'जुने ते सोने' ही म्हण येथे कामाची नाही. वूफरच्या कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत, दमट हवेत त्याआधीही, भुगा होऊन गळतो; रबर वा कापडाची कड अधिक टिकते. कागदी शंकू बोटांनी हलकेच, समतोल दाबला असता खरखर आली तर आतली कॉइल घासते आहे असे समजावे. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने सुकतात आणि दोन स्पीकरांचे आवाज जुळेनासे होतात. फोम व कपॅसिटर बदलता येतात. जाणकार कारागीर हाताशी असला तर तो खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

खरी अडचण आहे ती संकोचाची. "घ्यायचे असतील तर घ्या, नेऊन कसले पाहता?" हा विक्रेत्याचा प्रश्नही अगदीच गैर नाही, त्याचे काही बिघडवले तर? म्हणून पूर्ण किंमत अनामत ठेवावी, दिवस ठरवावा, दोन ओळींची चिठ्ठी करावी, आणि परत करायचे झाल्यास कारणांचा काथ्याकूट न करता परत करावेत. हे दूरच्या माणसाशी जमत नाही. रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावरच्या माणसाशी जमते. शिवाय त्याच्याच घरी ते प्रथम वाजताना ऐकायला मिळतात, हा फायदा वेगळाच.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९९१ पूर्वी आयातीवर निर्बंध असताना सोनोडाइन, कॉस्मिक अशा देशी नावांचे स्पीकर अनेक घरांत पै-पै साठवून आले. ती पिढी आता मावळते आहे, इमारती पुनर्विकासाला जात आहेत, आणि ही लाकडी खोकी चुंबक व तांब्याच्या वजनाने भंगारात निघतात. ती सगळीच वाचवण्याजोगी नाहीत. पण कोणती वाचवावीत हे ठरवायला ती कोणी तरी ऐकावी लागतात.

असो. पुस्तक न वाचता त्यावर मत देणाऱ्याला आपण हसतो. ऐकण्याच्या बाबतीत मात्र दुसऱ्याचे मत विकत आणून त्याला आपली आवड म्हणण्याची सवय आपल्याला जडली आहे. दोन दिवसांसाठी उसने आणलेले स्पीकर ही सवय मोडायला पुरेसे आहेत. ते परत करावे लागले, तरी आपल्याला काय आवडते हे तेवढ्या काळात आपल्या कानांनी ठरवलेले असते.