पैसे गेले, पण बिल कुठे आहे?



आमच्या गल्लीतली एक सून, वय असेल तेवीस-चोवीस, मागच्या आठवड्यात तापानं फणफणलेल्या लेकराला घेऊन दवाखान्यात आली होती. मीही तिथंच बसले होते, बीपीची गोळी बदलून घ्यायची होती. डॉक्टरांनी लेकराला तपासलं, औषध लिहून दिलं आणि ती बाहेर टेबलासमोर येऊन थांबली. फी दीडशे रुपये. टेबलावर स्कॅनरचं स्टिकर चिकटवलेलं. तिच्या हातात चांगला मोठा मोबाईल होता, पण त्यात बँकेचं काहीच नव्हतं. तिनं स्टिकरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर नवऱ्याला पाठवला. नवरा पुण्याला कंपनीत, ड्युटीवर. फोन उचलेना. कंपाउंडर म्हणाला, "राहू द्या ताई, उद्या द्या." पण ती उठेना. मी पर्समधून दीडशे काढले तर म्हणाली, "नको आपा, ते पाठवतीलच." लेकरू मांडीवर घेऊन अर्धा तास बसून राहिली बिचारी.

तिची सासू सांगत होती, पूर्वी मुलगा महिन्याला हातात रोकड देऊन जायचा. त्यातले शे-दोनशे तांदळाच्या डब्यात राहायचे. आता किराणा, दूध, गॅस, सगळं तो तिकडूनच मोबाईलवर भागवतो. सोय झाली, यात शंका नाही. पण डबा रिकामा झाला, आणि घरातल्या बाईला दीडशे रुपयांसाठी फोटो पाठवून वाट पाहण्याची वेळ आली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

यूपीआय २०१६ साली सुरू झालं. आमच्या लोणारात मात्र ते खऱ्या अर्थानं रुळलं लॉकडाऊननंतर. सरोवर पाहायला आलेल्या पर्यटकांना चहा देणारा टपरीवाला असो की मेडिकल स्टोअर, स्टिकर सगळीकडे आलं. दवाखान्यांनीही ते लावलं. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. मी स्वतः ते वापरते, त्याची विरोधक नाही. पण दवाखान्यातलं पैसे देणं आणि चहाचे पैसे देणं यात फरक आहे. तो मला कसा कळला ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या मिस्टरांच्या छातीत कळ आली. लोणारहून मेहकर, तिथून शहरातलं मोठं रुग्णालय. अँजिओप्लास्टी करावी लागली. अल्हम्दुलिल्लाह, आज ते दुकानात बसतात. त्या तीन दिवसांत पैसे कसे गेले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ॲडव्हान्सचे पन्नास हजार मी माझ्या मोबाईलवरून भरले. दुसऱ्या दिवशीचे भाईजाननी. औषधांचे काही नंदोईंनी. तपासण्यांचे चौदा हजार एका वेगळ्या टेबलावर मागितले, तिथं वेगळा स्कॅनर होता, भाईजाननी तिथंही स्कॅन केलं. प्रत्येक वेळी हिरवी टिक आली, आवाज आला, आम्ही निश्चिंत झालो.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव टाकला. शाळेतल्या लिपिकानं फाइल उघडली आणि म्हणाला, "मॅडम, हे स्क्रीनशॉट आहेत. बिलं कुठे आहेत?" रुग्णालयाच्या बिलात ते चौदा हजार नव्हतेच. भाईजानच्या मोबाईलमध्ये शोधलं, तर पैसे रुग्णालयाच्या नावावर नव्हे, कुणा एका माणसाच्या नावावर गेलेले. विचारायला गेलो तर म्हणाले, तो माणूस आता इथं नाही. ते चौदा हजार गेले ते गेलेच. चूक त्यांची जितकी, तितकीच माझीही. बीएडला मूल्यमापन शिकले, वर्गात मुलांना नोंदी ठेवायला लावते आणि स्वतः मात्र हिरव्या टिकेवर विसंबले.

ती हिरवी टिक काय सांगते? अमुक खात्यातून अमुक खात्यात, इतके रुपये, इतक्या वाजता गेले. सोबत एक बारा आकडी संदर्भ क्रमांक. बस. पैसे कशाचे होते, हे ती सांगत नाही. ते बिल सांगतं: रुग्णाचं नाव, तारीख, खोलीचे किती, तपासणीचे किती, कोणतं औषध, किती गोळ्या, बॅच नंबर, मुदत. विमा कंपनी असो की सरकारी कार्यालय, त्यांना हेच लागतं. उद्या औषधाबद्दल तक्रार करायची झाली तरी हेच लागतं.

सूरह बकरातली सर्वांत दीर्घ आयत देवाणघेवाण लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला तिथं सवलत आहे, हेही खरं. पण तीन मोबाईलवरून तीन दिवसांत तीन खात्यांवर गेलेले पैसे हातोहात म्हणायचे का, हे तुम्हीच ठरवा.

बिल मागताना आपण उगाच संकोचतो. डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण डॉक्टरांच्या व्यवसायासाठी २००२ साली जे नियम झाले, त्यांतच लिहिलं आहे की डॉक्टरांनी आपली फी फलकावर लावावी आणि उपचार सुरू करण्याआधी सांगावी, मध्येच नाही. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दिसेल अशी लावायची आहे. तेव्हा बिल मागणं म्हणजे भांडण काढणं नव्हे. शांतपणे मागावं.

आणि पिन टाकण्याआधी एक सेकंद थांबावं. स्कॅन केल्यावर समोर नाव येतं. ते रुग्णालयाचं, मेडिकलचं किंवा डॉक्टरांचं आहे का ते वाचावं. लहान दवाखान्यात डॉक्टरांचं स्वतःचं नाव येणं साहजिक आहे. पण मोठ्या रुग्णालयात अनोळखी माणसाचं नाव आलं तर विचारावं, "हे कुणाचं नाव? पावती कुणाच्या नावानं मिळेल?"

आता मोठ्या रुग्णालयांतून बिल मोबाईलवरच येतं. चांगली गोष्ट आहे, कागद हरवतो, फाइल राहते. पण भरती करताना फॉर्मवर नंबर कुणाचा लिहिला? बहुतेक वेळा गडबडीत जो पुढे असतो त्याचा. मग बिल जातं जावयाच्या मोबाईलवर, आणि हिशेब ठेवायचा असतो लेकीला. घरात जो कागदपत्रं सांभाळतो, त्याचाच नंबर लिहावा आणि आलेली फाइल त्याच दिवशी आणखी एकाला पाठवून ठेवावी.

पैसे कापले गेले पण समोरच्याला पोहोचलेच नाहीत, असंही होतं. आमच्याकडे पावसाळ्यात नेटवर्क गेलं की हमखास. घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका, आधी ॲपमध्ये स्थिती पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम आपोआप परत यायला हवी: व्यक्तीला पाठवली असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकान-रुग्णालयाला पाठवली असेल तर पाच दिवसांत. त्यापुढे बँकेनं दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. बँकेत जाऊन बारा आकडी क्रमांक दाखवा.

मोठ्या रकमेचंही समजून घ्या. यूपीआयनं एका वेळी सहसा १ लाखापर्यंत पाठवता येतात. रुग्णालयांसाठी ही मर्यादा ५ लाख करण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. पण ती रुग्णालयाच्या अधिकृत खात्यासाठी आहे, कुणाच्या खाजगी स्कॅनरसाठी नाही. शिवाय तुमची बँक कमी मर्यादा ठेवू शकते, आणि नव्या मोबाईलवर ॲप सुरू केलं की पहिले २४ तास जेमतेम ५,००० च जातात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोबाईल बदलू नये, एवढंच.

सरकारी दवाखान्याचं वेगळं. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केस पेपरचेही पैसे नाहीत. तिथं दिसणारा क्यूआर कोड बहुधा नाव नोंदवण्यासाठी असतो. आमच्या एक खाला तो पाहून "पैसे कट जाएंगे" म्हणत तशाच परत आल्या होत्या. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल असताना योजनेतल्याच उपचारासाठी कुणी स्कॅन करायला सांगितलं, तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठावं.

डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी इंटरनेटवर नंबर शोधला आणि पलीकडच्यानं "नोंदणीचे फक्त दहा रुपये भरा" म्हणत लिंक पाठवली, तर ती उघडू नका. फसगत झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

त्या सुनेला मी बँकेत घेऊन गेले. नवऱ्याच्या खात्यावरून तिला ठरावीक रकमेपुरता खर्च करता येईल, अशी यूपीआय सर्कलची सोय २०२४ पासून आहे. पण मला तिचं स्वतःचं खातं हवं होतं. सासूनं थोडी कुरकुर केली. मुलगा फोनवर म्हणाला, "अम्मी, होऊ द्या." खातं झालं, महिन्याला थोडे पैसे त्यात येतात. डब्यातही दोनशे ठेवायला मी सांगितलं आहे, नेटवर्कचा भरवसा नाही.

परवा लेकराचा खोकला दाखवायला ती पुन्हा गेली. स्कॅन केलं, नाव वाचलं, पिन टाकला आणि पावती मागितली. कंपाउंडरला पावतीपुस्तक सापडेना. खालच्या खणात, जुन्या कॅलेंडरखाली निघालं.